भुशीच्या वळणापर्यंत चालत आलेल्या मॅडम

पहिली आली ती शेवंता. लोणावळ्याच्या कॉलेजचे लोक आमच्या कुरवंड्यात येणार, देवळात बसणार आणि काहीतरी वाटणार, एवढंच तिच्या कानावर गेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी कुठल्याशा मंडळानं ब्लँकेटं वाटली तेव्हा ती नेमकी माहेरी होती. तो सल मनात होताच. म्हणून या वेळी तिनं सकाळीच येऊन देवळाच्या पायरीवर ठाण मांडलं. दुसरी मी. मला ब्लँकेट नको होतं, पण माझी नात सायली त्या कॉलेजात शिकत होती, आणि घरातून कुणीतरी गेलं पाहिजे म्हणून मी गेले. तिसऱ्या आल्या त्या कारखानीस मॅडम. जीपमधून उतरल्या, चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि खुर्ची शोधत न बसता शेवंताच्या शेजारी पायरीवर बसल्या.

शेवंतानं त्यांना विचारलं, "बाई, तुमी बी ब्लँकेटालाच का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही हो मावशी. मी कागद वाटायला आलेय."

शेवंता उठून घरी गेली. मॅडमची आणि माझी पहिली ओळख ही अशी, शेवंतानं मोकळ्या केलेल्या जागेवर मी सरकून बसले तिथून झालेली.

मॅडमना साठ वर्षं झाली, त्या कॉलेजातून निवृत्त झाल्या, त्यांच्या गौरवाचं पुस्तक निघतंय आणि त्यात मीही लिहायचं, असं कॉलेजातले गायकवाड सर सांगायला आले तेव्हा मी म्हटलं, सर, त्या पुस्तकात मोठमोठी शिकलेली माणसं लिहिणार, मी चौथी पास, माझं काय काम. पण मला एक गोष्ट सांगायची राहिलेली आहे. ती सांगायची होती त्या दिवशी मॅडमनीच मला सांगू दिली नाही. म्हणून लिहायला बसले. हे सगळं माझ्या हातचं आहे, सायलीनं फक्त नीट उतरवून काढलंय. मध्ये मध्ये मी दुसरीकडं वळते ते तिला काढायचं होतं, मी काढू दिलं नाही.

तर त्या दिवशी मॅडमनी कागद वाटले. कॉलेज कसं आहे, शिकवणं कसं, प्रयोगशाळा कशी, वागणूक कशी, असे प्रश्न, आणि समोर चार चौकटी. पहिली उत्तमची, शेवटची असमाधानकारकची. मॅडमनी एकेक प्रश्न वाचून दाखवला, समजावून सांगितला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी पहिल्या चौकटीत खुणा केल्या. वरपासून खालपर्यंत, एका ओळीत. माझ्या शेजारच्या सखूबाईंनी तर माझं बघून केल्या, आणि मी कुणाचं बघून केल्या ते मला आठवत नाही.

यात आमचं खोटेपण नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. आमच्यात लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून विचारतो, पाव्हणं, जेवण कसं झालं? भाजीत मीठ नसलं तरी माणूस म्हणतं, लय झाक. भाताला करप लागली असली तरी लय झाक. ते काय खोटं बोलणं नसतं, ती रीत असते. दारी आलेल्या माणसाला तोंडावर वाईट सांगायचं नाही. आणि दुसरं असं की ज्यांच्या हातात आपलं पोर दिलंय त्यांना नावं ठेवून कसं चालेल? खालच्या चौकटीत खूण केली आणि तो राग पोरीच्या मार्कांवर निघाला तर? हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होतं.

आणि माझ्या मनात आणखी एक होतं. ते पुढं सांगते.

दोन आठवड्यांनी मॅडम परत आल्या. हातात तोच कागदांचा गठ्ठा. माझ्याच ओट्यावर बसल्या, कारण माझं घर देवळाच्या जवळ आहे आणि चहा मी पटकन करते. गठ्ठा मांडीवर ठेवून म्हणाल्या, "हे सगळे कागद एकसारखे आलेत. यावरून मला एवढंच कळलं की तुमचं गाव चांगलं आहे. कॉलेजचं काहीच कळलं नाही."

मी म्हटलं, मॅडम, आम्ही चांगलं लिहिलं तर तुमचं काय बिघडलं. तेव्हा त्यांनी मला त्यांचं काम सांगितलं. प्रत्येक कॉलेजात म्हणे गुणवत्तेचा एक कक्ष असतो आणि आपल्या कॉलेजात तो त्यांच्याकडं होता. कॉलेज बरं चाललंय की नाही, कुठं फाटतंय, कुठं शिवायचं, हे बघण्याचा कक्ष. आता हे कुणी ठरवायचं? शिकवणारेच ठरवू लागले तर ते स्वयंपाक करणाऱ्यानंच पंगतीला मार्क दिल्यासारखं झालं. म्हणून जे जेवतात त्यांना विचारायचं. मुलं, आईबाप, शिकून गेलेली मुलं, त्यांना कामाला ठेवणारे कारखाने. कागदावर या सगळ्यांना भागधारक म्हणतात. मी म्हटलं, माझा कसला भाग? मॅडम म्हणाल्या, "कॉलेज नीट चाललं तर ज्याचं भलं होतं आणि बिघडलं तर ज्याचं नुकसान होतं, त्याचा भाग. सायलीचं वर्ष गेलं तर नुकसान कुणाचं? माझं का?"

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. माझ्या हातातली कपबशी वाजली. मॅडमनी ती वाजलेली ऐकली, पण तेव्हा काही विचारलं नाही. चहा पिऊन, सखूबाईंच्या सुनेच्या बाळाला बघून निघून गेल्या. मॅडमचं हे मला पुढंही अनेकदा दिसलं. दहाजणांत विचारलेलं माणूस झाकून सांगतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता ते दुसरं. सायली तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आमच्या घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस. तिचं प्रॅक्टिकल शनिवारी असायचं. बाकीच्यांना शनिवार म्हणजे नुसता एक वार. पण जून लागला की आमच्या रस्त्याचा शनिवार कसा असतो हे लोणावळ्याच्या लोकांनाही पुरतं माहीत नाही. पुण्या-मुंबईच्या गाड्या सकाळपासून भुशी धरणाकडं चढायला लागतात. मग दोन्ही बाजूंनी गाड्याच गाड्या, पोलीस रस्ता अडवतात, आमची वडापची, माणसं भरून नेणारी जीप त्या दिवशी निघतच नाही. पोरगी चालत निघायची. चालायला आमची माणसं भीत नाहीत. पण रस्त्यावर ओल्या पोरांची टोळकी, कुणी प्यायलेलं, कुणी मोटारीच्या टपावर नाचणारं, आणि कॉलेजची पिशवी घेऊन एकटी पोरगी चाललेली. सगळेच वाईट असतात असं मी म्हणणार नाही, त्यांच्यावरच माझी शेगडी चालते. पण वाट अडवायला दोघंतिघं पुरतात.

भुशीच्या अलीकडच्या वळणावर माझी कणसांची शेगडी असते. सायली तिथवर यायची आणि पुढं जायला तिचा पाय उचलायचा नाही. प्लास्टिकच्या कागदाखाली माझ्यामागं बसून राहायची. वही काढायची, पण लिहायची नाही. मी कणीस भाजायची, लिंबू फिरवायची, आणि आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोलायचो नाही. असे किती शनिवार गेले. हजेरी भरली नाही तर टर्म मिळत नाही, परीक्षेला बसू देत नाहीत, हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

मग घरी सांगितलं का नाही? कारण माझा मुलगा दत्तू, म्हणजे सायलीचा बाप. तो वाईट नाही. रस्त्यावरच्या एका बंगल्याची राखण करतो, त्या गर्दीचे सगळे चाळे रोज डोळ्यांनी बघतो, म्हणून जास्त भितो. सायलीला वाटेत कुणी अडवलं एवढं त्याच्या कानावर गेलं असतं की दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद. वर्ष बुडालं तरी तो म्हणाला असता, पुरे झालं शिकणं. सांगितलं तरी कॉलेज जाणार, नाही सांगितलं तरी वर्ष जाणार. मग देवळात त्या कागदावर मी कुठल्या चौकटीत खूण करायची होती?

तिकडं कॉलेजात वेगळंच बोललं जात होतं. प्रयोगशाळेचे मोठे सर म्हणायचे, कुरवंड्याच्या मुली शनिवारी येत नाहीत, घरचे त्यांना कणसं विकायला बसवतात. ते सायलीच्या कानावर आलं आणि तिनं मला सांगितलं. मला लय लागलं ते. पण माणसाला जे दिसतं त्यावरच ते बोलतं. त्यांना शनिवारची रिकामी बाकं दिसत होती.

पुढच्या शनिवारी मॅडम आल्या. कपबशी वाजली होती ना, ती त्यांनी डोक्यात ठेवली होती. त्यांनी हजेरीपट काढून बघितला होता. शनिवारी कोण गैरहजर, आणि तीच मुलं इतर दिवशी हजर का, एवढंच बघितलं म्हणे. मग त्यांना प्रश्न पडला आणि त्या निघाल्या. त्यांची मोटार अर्ध्या वाटेवर अडकली ती अडकलीच. त्यांनी ड्रायव्हरला तिथंच बसवलं आणि चालायला लागल्या. माझ्या वळणावर पोचल्या तेव्हा साडी पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेली, छत्री उलटी झालेली, चष्मा हातात. मी ओळखलंच नाही. म्हटलं, या ताई, कणीस देऊ का, तिखट लावू का कमी लावू?

"तिखट चालेल," म्हणाल्या, आणि चष्मा पुसून डोळ्याला लावला. तेव्हा त्यांना माझ्यामागं सायली दिसली.

सायली उठून उभी राहिली. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली. "बस गं," मॅडम म्हणाल्या आणि तिच्या शेजारी त्याच फळकुटावर बसल्या. मी कणीस दिलं. तेवढ्यात मोटारसायकलवरून चारपाच पोरं आली, वळणावर थांबली. एकानं सायलीकडं बघून शिट्टी घातली, दुसरा काहीतरी बोलला, ते मी लिहीत नाही. मॅडम उठल्या आणि सायलीच्या पुढं उभ्या राहिल्या. अर्धं कणीस हातात घेऊन तशाच उभ्या. पोरं हसून निघून गेली.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "हे घरी माहीत आहे?"

मी म्हटलं, "न्हाई. आन् कळू बी द्यायचं न्हाई, मॅडम. कळलं तर पोरगी घरात बसंल."

त्यांनी कणीस संपवलं, अगदी नीट, एकही दाणा न ठेवता. म्हणाल्या, "ठीक आहे. कळणार नाही." आणि आल्या तशा चालत परत गेल्या.

एका महिन्याच्या आत वेळापत्रक बदललं. जून ते सप्टेंबर शनिवारी प्रॅक्टिकल नाही, ते गुरुवारी. बुडलेल्यांसाठी जादाची बॅच, तीही गुरुवारी. हे सोपं झालं नाही म्हणे. मोठे सर म्हणाले, एका गावासाठी सबंध कॉलेजचं वेळापत्रक हलवायचं का? मॅडमनी त्यांच्याशी वाद घातला नाही. म्हणाल्या, सर, येत्या शनिवारी माझ्याबरोबर पायी चला. आणि सर आले, हे त्यांचं मोठेपण. माझ्या शेगडीपाशी येऊन थांबले, रुमालानं मान पुसली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "मावशी, एक कणीस द्या. आणि मागं बोललो ते विसरा." मी म्हटलं, विसरले, पण कणसं आता दोन घ्यावी लागतील. त्यांनी घेतली. आजही ते आले की दोनच घेतात.

नोटिशीत कारण लिहिलं होतं, पावसाळ्यातील वाहतूक लक्षात घेऊन, पालकांच्या सूचनेवरून. कुठल्या पालकाच्या, ते नाही. दत्तूनं ती नोटीस वाचली आणि म्हणाला, बरं झालं, कुणीतरी शहाणं माणूस बसलंय तिथं. मी चुलीकडं तोंड केलं.

त्या वर्षी सायलीला टर्म मिळाली.

नवं साल लागल्यावर, जानेवारीत, मॅडमनी मला त्या कक्षाच्या समितीवर घेतलं. पालकांची प्रतिनिधी. मी नको नको म्हणत होते. पहिल्या बैठकीला मी दाराशीच बसले. तिथं कॉलेजात शिकून गेलेला एक वकील होता, सुदुंबऱ्याकडच्या कारखान्यातले एक साहेब होते, प्राचार्य होते. मॅडम मला 'आजी, आत या' म्हणाल्या आणि मग थांबल्या. "तुमच्यात माझ्यात सहासात वर्षांचं अंतर. आजी काय म्हणायचं? हिराबाई म्हणते," म्हणाल्या. मला हिराबाई म्हणणारी माणसं आता गावात उरली नाहीत. सगळ्यांची मी आजी, नाहीतर दत्तूची आई. मॅडमच्या तोंडून माझं नाव ऐकलं आणि मी आतल्या खुर्चीवर जाऊन बसले.

बैठक संपताना कागद फिरला. सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्याकडं आला, मी तो लांब धरला, जवळ धरला आणि सही करायला पेन उचललं. मॅडम म्हणाल्या, थांबा. त्यांनी कागद परत घेतला आणि काय काय ठरलं ते पहिल्यापासून मोठ्यानं, साध्या मराठीत वाचून दाखवलं. गंमत अशी की वाचताना वकील म्हणाला, हे असं ठरलं नव्हतं. कारखान्याचे साहेबही म्हणाले, माझं म्हणणं उलटं लिहिलंय. दोघांनीही आधीच सही केली होती, न वाचता. तेव्हापासून नियमच झाला, वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. मला दिसत नाही म्हणून मॅडमनी वाचलं, आणि फायदा डोळे असणाऱ्यांचा झाला.

त्या बैठकीत मला विचारलं, हिराबाई, तुम्हाला काय वाटतं, हा कक्ष कसा चालावा? मी म्हटलं, मला भाताच्या आवणीतलं कळतं तेवढं सांगते. रोपं लावताना बाई मागं मागं सरकते. म्हणून आपण लावलेली ओळ सारखी तिच्या डोळ्यांपुढं राहते. वाकडी गेली तर तिथल्या तिथं दिसते. पुढं तोंड करून लावत गेलं असतं तर शेवटाला बांधावर पोचून मागं वळल्यावर दिसलं असतं, तोवर सगळं वावर वाकडं. कारखान्याचे साहेब म्हणाले, आम्ही हेच शिकायला परदेशी माणसं बोलावतो. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, लिहून घेत होत्या.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

सायलीचं शेवटचं वर्ष लागायला थोडा अवकाश होता, तेव्हा कॉलेज तपासायला बाहेरून समिती आली. तिघं होते. त्यांनी श्रेणी द्यायची, आणि त्या श्रेणीवर कॉलेजचं पुष्कळ काही असतं. आठवडाभर रंगरंगोटी चालली होती. कॉलेजच्या कचेरीतल्या अधीक्षक साहेबांनी आम्हा पालकांना बोलवून काय बोलायचं ते सांगितलं. मला म्हणाले, हिराबाई, तुम्ही शनिवारचं सांगा. आजी बोलली, कॉलेजनं ऐकलं, मुलीचं वर्ष वाचलं. यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्याकडं नाही. त्यांनाही खरं कारण ठाऊक नव्हतं, वाहतुकीचंच वाटत होतं. मीही ठरवलं होतं, सांगायचंच. मॅडमचं नाव घेऊन सांगायचं. तीनदा मनात म्हणून बघितलं होतं.

पालकांच्या सभेला बसलो. कॉलेजच्या माणसांनी त्या सभेत थांबायचं नसतं. मॅडम आम्हाला बसवून निघाल्या होत्या, तेवढ्यात दत्तू आला. त्यालाही बोलावणं होतं, पण बंगल्यावरून सुट्टी मिळणार नाही असं तो म्हणाला होता. मिळाली. स्वच्छ सदरा घालून माझ्या शेजारी येऊन बसला.

मॅडम दारातून परत फिरल्या. मला खुणेनं बाजूला बोलावलं. माझा पदर सारखा केल्यासारखं करून हळूच म्हणाल्या, "हिराबाई, शनिवारचं काढू नका."

मी म्हटलं, "मॅडम, त्येच तर सांगायचं ठरलंय."

"ते लोक हुशार आहेत. वाहतूक म्हटलं की विचारतील, मुलगी चालत का आली नाही. मग तुम्ही काय सांगाल? दत्तूभाऊ शेजारी आहेत. सायलीचं अजून एक वर्ष आहे."

"आन् कॉलेजचं?"

"कॉलेजचं बघू," म्हणाल्या, आणि दार ओढून घेऊन गेल्या.

समितीत एक बाई होत्या, परप्रांतातल्या. त्यांनी हिंदीत विचारलं. हिंदी मला भुशीवर येणाऱ्यांनी शिकवलेली आहे. त्या म्हणाल्या, तुमच्या सांगण्यावरून या कॉलेजात काय बदललं, एक उदाहरण द्या. शब्द माझ्या तोंडात तयार होता. शेजारी दत्तू माझ्याकडं बघत होता, कौतुकानं, की आपली आई एवढ्या मोठ्या लोकांत बोलणार. मी तो शब्द गिळला. म्हटलं, पहिलं आम्ही न वाचता सही करायचो, आता वाचून दाखवल्याशिवाय सही होत नाही. त्या बाईंनी विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, नाही. त्यांनी लिहून घेतलं, पण मला कळलं, त्यांना आणखी मोठं काही हवं होतं.

श्रेणी चांगली आली. पण कॉलेजला हवी होती त्याच्या एक पायरी खाली. माझ्या एका उत्तरानं ती पायरी गेली असं मी म्हणणार नाही, कॉलेज म्हणजे काय एकट्या हिराबाईचं नाही. पण अधीक्षक साहेबांनी मॅडमसमोर मला विचारलं, "तुम्ही शनिवारचं का नाही सांगितलं हो? ठरलं होतं ना?" मी काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, "मीच त्यांना दुसरं सांगायला सांगितलं. चूक माझी." आणि विषय संपला. सगळ्या वर्षांच्या कामाचा मान ज्या दिवशी मिळायचा, त्या दिवशी त्या चूक माझी म्हणाल्या, ते माझ्या नातीला घरात बसावं लागू नये म्हणून. हे कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. आज होईल.

आता दत्तूही हे वाचेल, असं कुणाला वाटेल. वाचू दे. सायली पास झाली, नोकरीला लागली. तळेगावला मैत्रिणीबरोबर राहते आणि सुदुंबऱ्याकडं कारखान्यात जाते. मालाचे नमुने तपासायचं काम. तिनं नमुना खोटा म्हटला की सगळा माल परत जातो, एवढा तिचा दरारा. गेल्या दिवाळीत ती आली होती, सगळे बसलो होतो, तेव्हा मी दत्तूला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यानं हातातला करंजीचा तुकडा ताटलीत ठेवला. मला वाटलं आता चिडणार. पण म्हणाला, "आये, तवा सांगितलं असतंस तर म्या तिला घरात बसवली असती. बरं झालं न्हाई सांगितलंस." मग म्हणाला, "त्या मॅडमना कुणी सांगितलं का, आपल्याला कळलंय ते?"

मी म्हटलं, सांगते. म्हणून हे लिहिलं. मॅडम, दत्तूला कळलंय. सायलीचं काही बिघडलं नाही. त्या दिवशी तुम्ही मला जे बोलू दिलं नाही ते मी आज सगळ्यांच्या देखत बोलले. ज्या समितीनं तुम्हाला विचारलं नाही, त्यांच्या वहीत हे कधी जाणार नाही. पण ज्यांच्यासाठी ते केलं त्यांच्या घरात ते गेलंय, आणि तिथून ते कुणी पुसणार नाही.

मॅडमच्या मायेच्या गोष्टी आणखी पुष्कळ आहेत. सखूबाईंच्या मोठ्या नातवाला वसतिगृहात जागा मिळवून दिली ती, माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज फोन करून बैठकीतलं ऐकवायच्या ते. शेवंतालाही त्यांनी एक ब्लँकेट पाठवलं. एवढ्या वर्षांनी, चिठ्ठी लावून, की त्या दिवशी तुमची निराशा झाली, राग सोडा. शेवंता ते अजून पांघरत नाही, पाहुण्यांना दाखवते.

मॅडम, तुम्हाला साठ झाली. आमच्याकडं साठीच्या माणसाला म्हणतात, आता बसा. मी तसं म्हणणार नाही, तुम्ही बसणाऱ्यातल्या नाहीत. भैरवनाथानं तुमचे गुडघे धड ठेवावेत, म्हणजे वळणापर्यंत चालता येईल. दात धड ठेवावेत, म्हणजे कणीस नीट खाता येईल. आणि शंभरी गाठेपर्यंत तुमच्या समोरच्या माणसाची कपबशी वाजली तर ती ऐकू यावी, एवढे कान शाबूत ठेवावेत. बाकी तुम्हाला काय द्यायचं आम्ही, तुम्हीच आम्हाला आमचा भाग दिलात.

मागच्या आठवड्यात मॅडम आणि गायकवाड सर घरी आले होते. त्यांच्यानंतर तो कक्ष आता गायकवाड सरांकडं आहे. तरुण आहेत, घाईत असतात. सर लेख न्यायला आले होते, मॅडम नुसत्या बसायला. लेख झाला नव्हता. निघताना सर म्हणाले, आजी, परत येतो मग, येत्या शनिवारी. मॅडम चपला घालत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. मी कपबशा उचलत होते. सर जीपपर्यंत गेले, रस्त्याकडं बघून थोडे थांबले आणि परत दारात आले.

"शनिवारी नको," म्हणाले. "गुरुवारी येतो."

तर गुरुवारी येणार आहेत दोघं. कणसं आणून ठेवलीत.